शालेय शिक्षणाची रचना : अंगणवाडी ते बारावी (सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात)

तीन वर्षांचे मूल अंगणवाडीत जाऊ लागते तिथपासून बारावीच्या परीक्षेपर्यंतचे शिक्षणाचे टप्पे, त्या टप्प्यांवरच्या शाळा, त्या चालवणाऱ्या यंत्रणा आणि परीक्षा यांची मिळून शालेय शिक्षणाची रचना होते. भारतीय राज्यघटनेत शिक्षण हा विषय सुरुवातीला राज्यांकडे होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांत, आला. तेव्हापासून धोरणाची चौकट मुख्यतः केंद्र ठरवते, आणि शाळांना मान्यता देणे, शिक्षकांच्या नेमणुका, पाठ्यपुस्तके व परीक्षा हे राज्य पाहते. कागदावर ही रचना सलग दिसते. प्रत्यक्षात ती बऱ्याच ठिकाणी जोडलेली आहे. प्रत्येक सांध्यावर खाते बदलते, इमारत बदलते, कधी भाषाही बदलते, आणि मुले गळतात ती बहुधा याच सांध्यांवर. सोलापूर जिल्ह्यात हे विशेष स्पष्ट दिसते, म्हणून या नोंदीत देशाची आणि राज्याची रचना या जिल्ह्यातून पाहिली आहे.

चौकट : सध्याच्या रचनेचा पाया कोठारी आयोगाने (१९६४–६६) घातला. आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी, तर सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. आयोगाच्या शिफारशीतून १०+२+३ (शाळेची दहा, उच्च माध्यमिकची दोन आणि पदवीची तीन वर्षे) हा आकृतिबंध आला. महाराष्ट्रात जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. राज्यात पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक, आठवी ते दहावी माध्यमिक आणि अकरावी-बारावी उच्च माध्यमिक अशी विभागणी रुळली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने ६ ते १४ वर्षांपर्यंतचे शिक्षण हक्काचे केले, मात्र प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी आणि उच्च प्राथमिक म्हणजे सहावी ते आठवी असे धरले. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ५+३+३+४ हा नवा आकृतिबंध मांडला. यात बालवाडीची तीन वर्षे व पहिली-दुसरी मिळून पायाभूत स्तर, तिसरी ते पाचवी पूर्वतयारी स्तर, सहावी ते आठवी पूर्व माध्यमिक आणि नववी ते बारावी माध्यमिक स्तर धरला आहे. महाराष्ट्रात नव्या अभ्यासक्रमाची सुरुवात २०२५-२६ मध्ये पहिलीपासून झाली. म्हणजे आज एकाच जिल्ह्यात तीन वेगवेगळ्या काळांच्या विभागण्या एकमेकींवर बसल्या आहेत, आणि मुख्याध्यापकांना तिन्ही सांभाळाव्या लागतात.

पूर्वप्राथमिक : एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यातली अंगणवाडी ही बहुसंख्य गरीब मुलांची पहिली शाळा. ती शिक्षण खात्याच्या अखत्यारीत नाही, महिला व बालविकास विभागाकडे आहे. सेविका आणि मदतनीस अशा दोघींवर ती चालते. मुलांची वजने घेणे, पूरक आहार, लसीकरणाला हातभार, गरोदर व स्तनदा मातांच्या नोंदी, आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात गाणी, गोष्टी, खेळ. 'शिकवत काही नाहीत' असा आरोप सेविकांवर सर्रास होतो. तो अन्यायाचा आहे, कारण तिच्या टेबलावरच्या नोंदवह्या पाहिल्या की शिकवण्याला वेळ किती उरतो हे कळते. बालशिक्षणाची महाराष्ट्राची परंपरा खरे तर मोठी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी उभी केलेली बालवाडी-अंगणवाडी हा देशाला मिळालेला नमुना होता. शहरात खाजगी नर्सरी, छोटा गट, मोठा गट यांचे पेव फुटले. हक्काचा कायदाच सहाव्या वर्षापासून सुरू होत असल्याने या वर्गांवर शिक्षण खात्याची पकड फारशी राहिली नाही. अंगणवाडीतून पहिलीत जाणे हा पहिला सांधा. दोन्ही एकाच पटांगणात असल्या तरी खाती दोन, म्हणून तीन वर्षांत मुलाबद्दल सेविकेला जे उमगलेले असते ते पहिलीच्या गुरुजींपर्यंत पोचेलच असे नाही.

प्राथमिक : ग्रामीण भागात प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या, शहरात महानगरपालिका, नगरपरिषदा आणि खाजगी संस्थांच्या. सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत. जिल्हा पातळीवर शिक्षणाधिकारी (प्राथमिक) व शिक्षणाधिकारी (माध्यमिक) ही दोन वेगळी पदे, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्याखाली विस्तार अधिकारी, आठ-दहा शाळांच्या केंद्राला केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक अशी उतरंड आहे.

कोरडवाहू पट्ट्यात, विशेषतः सांगोला आणि मंगळवेढा भागात, गाव एका जागी नसते. शेतात, मळ्यात वस्त्या विखुरलेल्या, आणि शाळाही वस्तीच्या नावाने. यातल्या बऱ्याच द्विशिक्षकी. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. फळ्याच्या डाव्या अर्ध्यावर तिसरीची हातच्याची वजाबाकी, उजव्या अर्ध्यावर चौथीचे शाब्दिक उदाहरण. तिसरीची पोरे पाटीवर सोडवताहेत तोवर गुरुजी चौथीकडे वळतात. एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चारही वर्ग दुसऱ्यापुढे येऊन बसतात. कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे १ शिक्षक हे प्रमाण आहे. कागदावर ते छान दिसते, पण पट २० असला तरी वर्ग चारच असतात, हे त्या प्रमाणात बसत नाही. कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये आला तेव्हा त्याला मोठा विरोध झाला, आणि तो योग्यच होता. वस्तीवरच्या सहा वर्षांच्या मुलीसाठी एक किलोमीटरच्या आतली शाळा हीच शाळा असते.

अशाच लहान शाळांतून मोठी कामेही झाली. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून मुलांना कविता ऐकता येतील, पाठ पाहता येतील अशी सोय त्यांनी आपल्या वर्गापुरती सुरू केली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ती आली. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली.

दुपारचे जेवण हा प्राथमिक शाळेचा आधार. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ पासून आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ असे तिचे प्रमाण आहे. आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन म्हणजे आकारिक (शिकता शिकता होणाऱ्या) व संकलित (सत्राअखेरच्या) चाचण्या असतात. नापास न करण्याचे धोरण २०१९ च्या दुरुस्तीने सैल झाले आणि राज्यात आता पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा होते. शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीला घ्यायची की पाचवी-आठवीला, हे शासन आलटून पालटून ठरवत आले आहे. मोहोळ तालुक्यात पोखरापूरला केंद्राचे निवासी जवाहर नवोदय विद्यालय आहे. तिथला सहावीचा प्रवेश परीक्षेने होतो व किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, त्यामुळे पाचवीचे चांगले शिक्षक वर्षभर 'नवोदय'ची तयारी करून घेतात.

ऊसतोड हंगाम हा इथल्या शाळांचा वेगळा प्रश्न. माळशिरस, पंढरपूर, माढा या कारखानदारीच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास बीड व इतर भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलांची नावे गावच्या हजेरीवर, मुले मात्र फडात. कारखान्याच्या परिसरातल्या साखरशाळा, गावाकडची हंगामी वसतिगृहे आणि स्थलांतरित मुलांना जातील तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड असे उपाय झाले. त्यातले मूल गावातच ठेवणारे वसतिगृह सर्वांत टिकाऊ वाटते, कारण त्यात शाळा तुटत नाही.

माध्यम : सोलापूर शहराची खरी ओळख इथे आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही माध्यमांच्या महापालिका शाळा या शहराने चालवल्या, आणि बालभारतीची (स्थापना २७ जानेवारी १९६७, पुणे) पुस्तके या सर्व भाषांत निघतात. पूर्व भागात यंत्रमागाची खटखट ऐकत वाढलेले पद्मशाली घरातले मूल घरी तेलुगू बोलते. आई विड्या वळते, वडील चादरीच्या किंवा टॉवेलच्या मागावर. हे मूल गल्लीत मराठी आणि बाजारात हिंदी सहज बोलते. पद्मशाली शिक्षण संस्थेच्या कुचन प्रशालेसारख्या शाळा याच समाजाने स्वतःच्या मुलांसाठी उभ्या केल्या. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत, कारण तिथे कित्येक गावांची घरची भाषाच कन्नड आहे. बिगरमराठी माध्यमाच्या शाळेत मुले माध्यमभाषा, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा पहिलीपासूनच शिकतात. इंग्रजी राज्यात २००० सालापासून पहिलीपासून आहे आणि मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० चा. पहिलीपासून तिसरी भाषा (हिंदी) आणण्यावरून २०२५ मध्ये राज्यभर जे रण पेटले, त्यात सोलापूरच्या या मुलांचा अनुभव कुणी विचारला असता तर बरे झाले असते.

मात्र मातृभाषेची शाळा पुढे कुठपर्यंत नेते, हा प्रश्न पालकांना सतावतो. उर्दूत शहरात कनिष्ठ महाविद्यालयापर्यंतची साखळी आहे. कन्नड आणि तेलुगूत दहावी होते, पुढे वाट अरुंद होते. म्हणून तेलुगू घरांनी मोठ्या संख्येने मराठी आणि आता इंग्रजी माध्यमाकडे मुले वळवली आणि तेलुगू शाळांचे पट घटले. यात पालकांचा दोष नाही. वरचे वर्ग नसतील तर खालचे वर्ग ओस पडणारच.

माध्यमिक : पाचवीचा सांधा सर्वांत नाजूक. जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याच ठिकाणी चौथीला संपते आणि अनुदानित हायस्कूल पाचवीपासून सुरू होते. हक्काच्या कायद्याप्रमाणे पाचवी प्राथमिक शाळेला जोडायला हवी. काही ठिकाणी जोडली, पण हायस्कूलची संचमान्यता, म्हणजे पटावरून ठरणारी शिक्षकांची पदे, पाचवीच्या मुलांवरही अवलंबून असते. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत हायस्कूलचे शिक्षक मुलांसाठी गावोगाव, घरोघर फिरताना दिसतात. वर्षानुवर्षे सेवा झालेल्या माणसाने आपली नोकरी टिकावी म्हणून असे दारोदार जावे, ही व्यवस्थेची उणीव आहे, त्या शिक्षकाची नाही.

या वेळी हातात येतो शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर नाव, आईचे नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जनरल रजिस्टर क्रमांक. पुढे जातीच्या दाखल्यापासून नोकरीपर्यंत हाच कागद चालतो. पहिलीत गुरुजींनी अंदाजाने टाकलेली जन्मतारीख किंवा चुकलेले आडनाव नंतर वर्षानुवर्षे छळते. त्यामुळे गावातला जाणता माणूस दाखला हातात पडताच आधी ती ओळ वाचतो.

जिल्ह्यात माध्यमिक शिक्षण मुख्यतः खाजगी संस्थांनी उभे केले. सोलापुरात शिक्षण प्रसारक मंडळीची हरीभाई देवकरण प्रशाला, मुलींसाठी सेवासदन, बार्शीत कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी वाढवलेले श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ, आणि ठिकठिकाणी रयत शिक्षण संस्थेच्या शाखा. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार शासन देते. अंशतः अनुदानित शाळेला तो टप्प्याटप्प्याने मिळतो. स्वयंअर्थसहाय्यित शाळा फीवर चालते. हक्काच्या कायद्यातला, वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांचा नियम खाजगी विनाअनुदानित व स्वयंअर्थसहाय्यित शाळांना लागू आहे.

मुलींचा प्रश्न अंतराचा. गावात चौथी किंवा सातवी झाली की हायस्कूल पाच-सात किलोमीटरवर. शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो आणि तो अनेकींच्या शिक्षणाचा आधार झाला आहे. पण गाडी वेळेवर येत नसेल, किंवा संध्याकाळची फेरी बंद झाली असेल, तर पास असून मुलगी घरी बसते. शाळेच्या वेळा आणि एसटीच्या वेळा दोन वेगळ्या कार्यालयांत ठरतात.

दहावीची परीक्षा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ घेते. मंडळाचे नऊ विभाग असून सोलापूर जिल्हा पुणे विभागात येतो. तीन भाषा, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे असे ६०० गुणांचे विषय, पैकी चांगल्या पाच विषयांचे ५०० धरून टक्केवारी काढतात. अनुत्तीर्णांना जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा देता येते. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसता येते, आणि लग्नानंतर दहावी करणाऱ्या कितीतरी बायकांनी ही वाट धरली आहे.

उच्च माध्यमिक : अकरावी-बारावीला कला, वाणिज्य व विज्ञान शाखा असतात. हे वर्ग काही हायस्कुलांना, तर काही वरिष्ठ महाविद्यालयांना जोडलेले आहेत. दहावीनंतर आयटीआयची वाटही आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेश संपूर्ण राज्याला लागू झाले. त्याआधी सोलापूरचा विद्यार्थी थेट महाविद्यालयात अर्ज द्यायचा. आता पोर्टलवर पसंतीक्रम भरतो, आणि ज्याच्या घरी संगणक नाही तो नेट कॅफेत रांग लावतो. विज्ञान शाखा इंग्रजीत शिकवली जाते. दहावीपर्यंत कन्नडमध्ये विज्ञान शिकलेला अक्कलकोटचा मुलगा आणि मराठीत 'गुरुत्वाकर्षण' शिकलेली मोहोळची मुलगी अकरावीच्या पहिल्या तासाला एकाच बाकावर बसून एकाच अडचणीत असतात. काही महाविद्यालयांतले प्राध्यापक पहिले काही आठवडे मुलांची माध्यमभाषा आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतल्या संज्ञा फळ्यावर शेजारी शेजारी लिहितात. त्यासाठी वेगळा तास किंवा तरतूद मात्र अभ्यासक्रमात नाही.