काउंट एवढा वाढलाय, मग इन्फेक्शनची भीती कशाला?

काकांना अक्यूट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर, निघाला. त्यांचा पहिला सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट घरी आला तेव्हा सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर गेली. पांढऱ्या पेशी ४०,०००. नॉर्मल साधारण चार ते अकरा हजार. आत्या म्हणाली, "पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिकच ना? मग एवढी फौज असताना त्याला मास्क कशाला?" प्रश्न रास्त होता. उत्तर त्याच कागदावर थोडं खाली होतं: न्यूट्रोफिल्स १ टक्का, ब्लास्ट्स (कॅन्सरच्या कच्च्या पेशी) ८८ टक्के.

टोटल काउंट म्हणजे सगळ्या पांढऱ्या पेशींची सरसकट मोजदाद. त्यातल्या कामाच्या किती, हे तो सांगत नाही. ते सांगतो एएनसी, म्हणजे ॲब्सोल्यूट न्यूट्रोफिल काउंट. जिवाणू आणि बुरशीवर सगळ्यात आधी तुटून पडणाऱ्या पेशी या न्यूट्रोफिल्सच. हिशेब घरी करता येतो: टोटल काउंट गुणिले न्यूट्रोफिल्सची टक्केवारी, भागिले १००. रिपोर्टमध्ये बँड पेशी (थोडे कच्चे न्यूट्रोफिल्स) वेगळ्या दिल्या असतील तर त्यांची टक्केवारीही मिळवायची. काकांचे निघाले ४००. एरवी धडधाकट माणसाला न्यूमोनिया झाला, काउंट १८,००० आणि न्यूट्रोफिल्स ८५ टक्के आले, तर त्याचे होतात १५,३००.

काउंट दोघांचाही वाढलेलाच. पण एकाचं शरीर लढतंय, आणि दुसऱ्याच्या अस्थिमज्जेत ब्लास्ट्सनी जागा बळकावल्यामुळे लढणाऱ्या पेशी तयारच होत नाहीत. ब्लास्ट्स या वाढ खुंटलेल्या पेशी, त्यांच्याकडून संरक्षण होत नाही. म्हणूनच "केमो सुरू झाली की जपू" हे म्हणणं मला धोक्याचं वाटतं. अक्यूट ल्युकेमियात केमोचा एक थेंबही जाण्याआधी माणूस उघडा पडलेला असू शकतो.

एएनसी १५०० च्या खाली गेला की न्यूट्रोपेनिया, ५०० च्या खाली गंभीर. अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये अक्यूट ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं होतं, की न्यूट्रोफिल्स जितके कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका संसर्गाचा धोका जास्त. वॉर्डातले डॉक्टर आजही हाच हिशेब करतात.

आणखी एक गोष्ट घरच्यांना फसवते. पू हा मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल्सचाच बनतो. तेच नसतील तर पू होणार कुठून? शौचाच्या जागी ठणका लागतो, पण गळू दिसत नाही. खोकला असतो, पण छातीचा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ येऊ शकतो. कित्येकदा ताप हीच एकमेव खूण.

मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या दुसऱ्या एका कॅन्सरमध्ये फसगत वेगळी. तिथे न्यूट्रोफिल्स ठीक असू शकतात, आणि रिपोर्टमध्ये ग्लोब्युलिन वाढलेलं दिसतं. ग्लोब्युलिन म्हणजे अँटीबॉडीज, असं वाचून माणूस निर्धास्त होतो. पण ती बहुतेक एकाच साच्यातली, निरुपयोगी प्रथिनं असतात. कामाच्या अँटीबॉडीज घटलेल्या असतात. निदानानंतरचे पहिले तीन महिने इथे विशेष जोखमीचे. ब्रिटनमध्ये नुकतंच निदान झालेल्या ९७७ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. १२ आठवडे लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेणाऱ्यांत ताप किंवा मृत्यूचं प्रमाण १९ टक्के होतं, न घेणाऱ्यांत २७. आपल्याकडे मात्र ही गोळी मनाने सुरू करू नका: तिने टीबी दबतो आणि निदान लांबतं.

काकांच्या घरी तेव्हा बाथरूमचं काम निघालं होतं. ते आम्ही थांबवलं, कारण फोडकामाच्या धुळीत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात. भेटायला येणाऱ्यांना फोनवरच बोला म्हणालो. थोडं वाईट वाटलं लोकांना.

आणि एका रात्री ताप आला, १०१. आत्याने सवयीने पॅरासिटामॉल काढली. आधी गोळी दिली असती तर ताप उतरला असता आणि "सकाळी बघू" झालं असतं. १०१ एकदाही भरला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर रात्र असो की सण, निघायचं. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच: "ब्लड कॅन्सर आहे, एएनसी कमी आहे, ताप आहे." कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी) रक्त घेऊन, रिपोर्टची वाट न पाहता, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. नाही झालं, तर पुन्हा विचारायचं.