नळ्यांची चौकट (ऑफ-रोड वाहनाची)

खडक, वाळू किंवा चिखलातून चालवायच्या वाहनासाठी पोलादी नळ्या वाकवून व वेल्डिंगने जोडून केलेला सांगाडा. एंजिन, गिअरपेटी, निलंबन (सस्पेन्शन) व आसने यांचा भार तो पेलतो आणि वाहन उलटल्यास आतल्या माणसांचे रक्षण करतो. मोठी दाबयंत्रे किंवा साचे त्याला लागत नाहीत, म्हणूनच तो घरच्या कार्यशाळेत उभा राहू शकतो.

उगम : या चौकटीचे मूळ कोठे मानावे याबद्दल मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात तो मान कॅलिफोर्नियातील ब्रूस मेयर्स यांच्या १९६४ च्या सुमाराच्या ‘मेयर्स मँक्स’ बग्गीला दिला जातो. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातील ला पाझ ते तिहुआना हे अंतर मँक्सने ३५ तासांच्या आत कापले आणि त्याच वर्षीची ‘मेक्सिकन १०००’ शर्यतही जिंकली. घरी वाहन बांधण्याच्या हौसेला त्याने बळ दिले, हे मान्य करावे लागते. मात्र पहिल्या मोजक्या मँक्समध्ये भार मुख्यतः काचतंतूचे (फायबरग्लासचे) कवचच पेलत असे, आणि पुढच्या गाड्या फोक्सवॅगन बीटलच्या आखूड केलेल्या तळावर बसवल्या जात. ज्या अर्थाने येथे चौकट म्हटले आहे, ती त्यांत नव्हती. वाळूवर चालवायची, उघड्या नळ्यांची ‘सँडरेल’ ही बग्गी या नोंदीच्या विषयाला अधिक जवळची.

रचनेची परंपरा काही जण सायकलपर्यंत मागे नेतात. पण सायकलची चौकट जवळजवळ एकाच प्रतलात असते आणि तिचे सांधे दीर्घकाळ खोबणीत बसवून पितळेने झाळले जात. पहिल्या महायुद्धातील फोकर विमानांचे धड वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांचे होते. त्यांत कर्णाचे काम बहुतांशी ताणलेल्या तारा करीत. पुढे विमानबांधणीत तारांची जागा नळ्यांनी घेतली. १९४६ ची चिसितालिया डी ४६ आणि १९५२ ची मर्सिडीज ३०० एसएल या शर्यतीच्या मोटारींत हीच कल्पना दिसते. त्यामुळे वारसा विमानाकडून आला, हे मत अधिक पटते.

रचना : चौकटीचे बळ धातूच्या जाडीपेक्षा त्रिकोणांत असते. नुसता चौकोन आडव्या जोराखाली कलतो. एक कर्ण घातला की तो जागच्या जागी अडतो. सांधे बिजागरीसारखे मानले, तर त्रिमितीय चौकट ताठ राहण्यासाठी सांध्यांच्या संख्येच्या तिपटीतून ६ वजा करून येतील तितक्या नळ्या किमान लागतात. हा नियम जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या नावाने (१८६४) ओळखला जातो, जरी गणितज्ञ मोबियस यांनी हा संबंध १८३७ मध्येच मांडला होता. साधी पेटी घेतली तर सांधे ८, कडा १२ आणि गरज १८ नळ्यांची : म्हणजे सहाही बाजूंना एकेक कर्ण हवा. वाहनात मात्र माणसाला आत शिरायचे असते आणि एंजिन बाहेर काढायचे असते. तिथे कर्ण बसत नाही, आणि चौकट पीळ खाते ती नेमकी या उघड्या चौकोनांपाशी. अशा कोपऱ्यांना तिकोनी पत्रे जोडतात, किंवा कर्ण बोल्टने काढता-घालता येईल असा ठेवतात. निलंबनाचे ब्रॅकेट नळीच्या मध्यावर लटकवू नयेत. ते सांध्यापाशीच यावेत.

नळी : आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाच्या (एफआयए) नियमांनुसार संरक्षक पिंजऱ्याच्या मुख्य कमानीला शिवणरहित कार्बन पोलादाची ४५ × २.५ मिमी. किंवा ५० × २.० मिमी. मापाची नळी चालते. हिशेब केला तर पहिली मीटरला सुमारे २.६२ किग्रॅ. भरते आणि दुसरी २.३७ किग्रॅ.; तरीही दुसरीचा वाकण्याला विरोध सुमारे १५ टक्क्यांनी जास्त असतो. व्यास वाढवणे असे फायद्याचे ठरते. पण फार पातळ नळी खडकावर आपटून चेपली, की पुढच्या दाबाला तिथेच मोडते. ४१३० हे क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद बळकट असले, तरी त्याचा स्थितिस्थापकता गुणांक (धातूच्या ताठपणाचे माप) साध्या पोलादाइतकाच, सुमारे २०५ गिगापास्कल आहे. त्याच मापात चौकट त्याने अधिक ताठ होत नाही. नळी वाकवलेल्या ठिकाणच्या बाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट असावी, आणि बाक लंबगोल झालाच तर लहान व मोठ्या व्यासांचे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी नसावे, असेही एफआयएचे नियम सांगतात.

सांधे : एका नळीचे टोक होल-सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) अर्धगोल कापून दुसरीच्या पाठीवर बसवतात. कापलेल्या कडेचा बर (उरलेली धातूची खरखरीत धार) घासून काढला की टोक हाताने धरूनही डुगडुगत नाही. उजेड दिसेल एवढी फट राहिली, तर ती वेल्डिंगने भरून काढण्यापेक्षा टोक पुन्हा कापणे बरे. आधी सगळ्या चौकटीला वेल्डिंगचे फक्त छोटे टाके मारतात. मग दोघे जण टेप धरून समोरासमोरचे कर्ण मोजतात. कर्ण जुळेपर्यंत पूर्ण वेल्डिंगला हात लावत नाहीत. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्या बाजूला ओढतो, म्हणून एक सांधा डावीकडे, पुढचा उजवीकडे असा क्रम ठेवतात. जस्ताचा थर दिलेली नळी असेल तर सांध्याभोवतीचा थर आधी घासून काढावा लागतो, कारण जस्ताच्या धुराने ताप येतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी वेल्डिंगची विद्युत ज्योत (आर्क) पेटवणे त्याहून घातक : त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

चौकटीला फिका रंग दिला, तर पहिल्या काही फेऱ्यांनंतर सांध्याच्या कडेने उठलेली भेग गंजाच्या बारीक रेषेवरून लवकर ओळखता येते.