अ‍ॅलर्जीचे डॉक्टर आणि सरकारी आरोग्य विमा : वेळ ठरवण्याआधी हे वाचा

आमच्याकडे विम्याच्या कागदपत्रांसाठी येणारे बरेच जण पहिला प्रश्न एकच विचारतात : "सरकारी विमा घेणारे अ‍ॅलर्जीचे डॉक्टर कोण आहेत?" नाव सापडतं हो. अडचण त्यानंतर सुरू होते. डॉक्टरांची फी विम्यात बसते पण चाचणी बसत नाही, किंवा चाचणी बसते आणि पुढे काही वर्षं घ्यायची इंजेक्शनं बसत नाहीत. म्हणून आम्ही सगळ्यांना एकच सांगतो : नुसते डॉक्टर शोधू नका. पहिल्या भेटीपासून शेवटच्या इंजेक्शनपर्यंत कशाकशाचा खर्च विमा उचलणार आहे, ते आधी विचारून घ्या.

एक अपवाद. घसा आवळणं, श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, चक्कर येऊन पडणं असं काही झालं, तर विमा, यादी, चिठ्ठी सगळं बाजूला ठेवा आणि तातडीच्या विभागात जा. तिथे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन हा पहिला उपचार असतो आणि त्यात मिनिटं महत्त्वाची असतात.

याच डॉक्टरांकडे जायचं आहे का?

अ‍ॅलर्जी आणि इम्युनॉलॉजीचे (म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचे) तज्ज्ञ मुळातच थोडे, आणि त्यातले सरकारी योजनेच्या पॅनेलवर असलेले आणखी थोडे. काही देशांत तर हा स्वतंत्र विषयच नाही; तिथे हे काम छातीचे, त्वचेचे, कान-नाक-घशाचे किंवा बालरोगाचे डॉक्टर करतात. त्यामुळे त्रास कसला आहे, हे आधी पाहिलं तर लांबलचक रांग टळू शकते.

नकली दागिन्यामुळे किंवा केसांच्या रंगामुळे कातडीला खाज सुटून चट्टे येत असतील, तर त्याची पॅच टेस्ट बहुधा त्वचारोगतज्ज्ञच करतात. पट्ट्या ४८ तास पाठीवर ठेवतात आणि त्यानंतरही एकदा-दोनदा तपासायला बोलावतात, म्हणजे एका चाचणीसाठी दोन-तीन फेऱ्या होतात. नुसत्या शिंका आणि नाक गळणं असेल, तर नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेला नाकाचा स्प्रे नियमाने वापरल्यावर पुष्कळांचं भागतं. दमा औषधांनीही आटोक्यात येत नसेल, एखाद्या पदार्थाने किंवा मधमाशीच्या दंशाने सगळ्या अंगावर परिणाम झाला असेल, किंवा एखाद्या औषधाचं वावडं खरंच आहे का हे ठरवायचं असेल, तर मात्र तज्ज्ञच हवेत.

औषधाच्या वावड्याबद्दल थोडं अधिक. "पेनिसिलिन चालत नाही" अशी नोंद ज्यांच्या केसपेपरवर असते, त्यांची नीट तपासणी केली तर दहांतल्या नऊंना ते चालतं. लहानपणी अंगावर पुरळ आलं, कोणीतरी लिहून ठेवलं, आणि ते जन्मभर चिकटलं, असं पुष्कळदा होतं. ही नोंद पुसली गेली की पुढे साधी, नेमकी अँटिबायोटिक देता येतात. योजनेत ही तपासणी बसत असेल, तर ती सोडू नये असं आमचं मत आहे.

यादी आणि फोन

योजनेच्या यादीत नाव आहे एवढ्यावर घराबाहेर पडू नका. याद्या जुन्या राहतात. डॉक्टर दुसरीकडे गेलेले असतात, किंवा एका पत्त्यावर योजना घेतात आणि दुसऱ्यावर घेत नाहीत. फोनवर "तुम्ही सरकारी विमा घेता का?" असं विचारलं की समोरून "हो" येतं, आणि ते "हो" फारसं कामाचं नसतं. एका सरकारी विम्याच्या छत्राखाली पुष्कळदा वेगवेगळे प्लॅन असतात. म्हणून कार्ड हातात घेऊन, त्यावरचं प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवा. हेच डॉक्टर, याच पत्त्यावर, या प्लॅनचे नवीन रुग्ण सध्या घेतात का, असं विचारा. मूल असेल तर वय सांगा, कारण काही जण फक्त मोठ्यांना तपासतात. त्यानंतर त्वचेची चाचणी तिथेच होते का आणि तिला पूर्वमंजुरी लागते का, तेही विचारा. फोनवर कोण बोललं आणि कोणत्या तारखेला, ते कार्डाच्या झेरॉक्सवर लिहून ठेवा. पुढे वाद झाला तर हीच ओळ कामाला येते.

जवळपास कुणीच मिळालं नाही, तर मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात विचारा. तिथे थांबावं लागतं, पण योजना घेतली जाण्याची शक्यता जास्त असते. योजनेच्या कार्यालयालाही लेखी कळवा की यादीतले कोणीच उपलब्ध नाहीत. अशा वेळी यादीबाहेरच्या डॉक्टरांकडे जाण्याची परवानगी देण्याची सोय काही योजनांत असते. मागितल्याशिवाय मात्र ती कोणी देत नाही.

चिठ्ठीत काय लिहिलंय?

बहुतेक योजनांत नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते. त्यावर नुसतं "अ‍ॅलर्जी" लिहिलेलं असलं की मंजुरी रेंगाळते. काय झालं, किती वेळा, कोणती औषधं किती दिवस देऊन पाहिली, हे त्यात असू द्या. ज्यांना वारंवार जंतुसंसर्ग होतो, म्हणजे वर्षात दोनदा न्यूमोनिया किंवा सारखे कान फुटणं, त्यांच्या चिठ्ठीत "रोगप्रतिकारशक्तीची तपासणी" असं स्पष्ट हवं. त्यांना लागणाऱ्या रक्तचाचण्या वेगळ्या असतात.

चाचणीच्या दिवशी फुकट फेरी होऊ नये म्हणून

त्वचेच्या चाचणीत हातावर किंवा पाठीवर थेंब टाकून हलकं टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी उठलेली गांधी मोजतात. अंगात खाजेची-सर्दीची गोळी असेल, तर गांधी उठतच नाही आणि दिवस वाया जातो. ही गोळी साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात. नेमके दिवस डॉक्टरांकडूनच घ्या. दम्याचा पंप स्वतःहून बंद करू नका. नैराश्याच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचाही या चाचणीशी संबंध येतो. त्याही आपल्या मनाने थांबवायच्या नसतात, फक्त आधी सांगायच्या असतात. गोळी थांबवणं शक्यच नसेल, तर रक्तातली आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंड मोजणारी) चाचणी करता येते, तिच्यावर या गोळ्यांचा परिणाम होत नाही. नुकतीच मोठी रिअ‍ॅक्शन येऊन गेली असेल, तर चाचणीसाठी साधारण चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात. तारीख घेताना हे लक्षात ठेवा.

बाजारात "एका थेंबात शंभर पदार्थांचं वावडं ओळखा" म्हणून जी आयजीजी (रक्तातलंच दुसरं प्रतिपिंड मोजणारी) चाचणी विकतात, तिच्या वाटेला जाऊ नका. युरोप-अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना वावडं ठरवण्यासाठी ती करू नका असंच सांगतात. तिचा अहवाल दाखवून योजनेकडून काही मंजूर करून घेता येईल, ही आशाही नको.

लांबचा उपचार

इम्युनोथेरपी १९११ मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा वापरली गेली. ज्याचं वावडं आहे तेच थोडं थोडं वाढवत शरीराला देत जाणं, ही कल्पना आजही तीच आहे. इंजेक्शनं सुरुवातीला साधारण दर आठवड्याला, मग महिन्याला, एकूण ३ ते ५ वर्षं चालतात. प्रत्येक वेळी टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसवतात. विम्याचा हिशोब खरा इथे लागतो. औषधाची बाटली तयार करण्याचं बिल वेगळं, टोचण्याचं वेगळं असू शकतं. दोन्ही मंजूर आहेत का? मध्येच योजनेचं नूतनीकरण राहून गेलं तर काय? जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांनी फेऱ्या वाचतात, पण त्या मोजक्याच अ‍ॅलर्जींवर मिळतात आणि प्रत्येक योजना त्या देतेच असं नाही.

नेहमीच्या औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या दम्यावर देतात त्या ओमॅलिझुमॅबसारख्या महागड्या इंजेक्शनांना पूर्वमंजुरी जवळपास नेहमीच लागते. आधीची औषधं पुरी पडली नाहीत याचा पुरावा मागतात. जुनी प्रिस्क्रिप्शनं टाकून दिलेल्यांची इथे पंचाईत होते.

नकार आला तर

नकार तोंडी घेऊ नका, कारणासह लेखी मागा. त्यावरच दाद मागण्याची शेवटची तारीख असते. पुष्कळ नकार अर्धवट कागदांमुळे येतात आणि डॉक्टरांनी गरज स्पष्ट करणारं पत्र दिलं की उलटतातही.

हे पत्रक कागदोपत्री मदतीसाठी आहे. औषधाचा सल्ला आम्ही देत नाही. आमच्याकडे येताना विम्याचं कार्ड, चिठ्ठी, जुनी प्रिस्क्रिप्शनं, आधीचे अहवाल आणि नकाराचं पत्र असेल तर तेही आणा. पुरळ किंवा सूज आलेली असताना मोबाइलवर काढलेले फोटो तारखेसह छापून आणलेत तर उत्तम. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही, झेरॉक्स काढून तिथल्या तिथे परत देतो.