गोल आणि हिट यांची बेरीज कशी करायची?

ऑक्टोबरच्या सुमारास नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा, हंगाम सुरू होतो. त्याच्या आधी काही आठवडे कॅनडा-अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये आणि मित्रांच्या ग्रुपांवर दरवर्षी एक वाद रंगतो: यंदा गुण कसे मोजायचे? हॉकी म्हणजे इथे बर्फावरची. फॅन्टसी लीग म्हणजे काय, हे क्रिकेटमुळे आपल्याकडे समजावून सांगायला नको. आपल्याकडे ती बहुतेक एका सामन्यापुरती खेळली गेली, हॉकीत मात्र सहा महिने चालते. दहा-बारा जण आळीपाळीने खरे खेळाडू निवडतात आणि त्या खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यांत जे केलं त्यावर या कागदी संघांचं भवितव्य ठरतं.

अडचण अशी की हॉकीत मोजण्यासारखं बरंच काही घडतं. गोल, गोलसाठी दिलेला पास म्हणजे असिस्ट, गोलवर मारलेले फटके, अंगावर जाऊन दिलेली धडक म्हणजे हिट, अडवलेले फटके म्हणजे ब्लॉक, शिवाय गोलरक्षकाचे वेगळे आकडे. हे सगळं एका रांगेत लावून ‘हा संघ पहिला’ म्हणायचं, तर या वेगवेगळ्या मापांची मोट बांधावी लागते. ती बांधायच्या तीन पद्धती रूढ आहेत.

सगळ्यांत सरळ पद्धत म्हणजे पॉइंट्स. प्रत्येक गोष्टीला भाव ठरवायचा आणि बेरीज करायची. समजा गोलला ३, असिस्टला २ आणि हिटला ०.५ गुण. एका आघाडीपटूचे हंगामात ४० गोल, ४० असिस्ट, ४० हिट झाले: १२० + ८० + २० = २२०. दुसरा आडदांड गडी: १० गोल, १० असिस्ट, ३०० हिट. त्याचे ३० + २० + १५० = २००. ठीक वाटतं. आता हिटचा भाव ०.५ वरून ०.६ करा. पहिला २२४, दुसरा २३०. एका दशांशाने धिप्पाड गडी स्टारच्या पुढे गेला! हा ०.६ आणायचा कुठून, याला खेळात उत्तर नाही. सांख्यिकीत थोडंफार आहे: ज्या आकड्यात खेळाडूंमधला फरक मोठा, त्याचा भाव त्या प्रमाणात कमी ठेवायचा. हिटमध्ये खेळाडूंमधलं अंतर शेकड्यांचं असतं, गोलमध्ये फार तर काही डझनांचं. हंगाम सुरू होण्याआधी मागच्या वर्षाचे आकडे घेऊन प्रत्येक प्रकाराचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) काढलं, तर निदान भाव ठरवायला काही आधार मिळतो. बहुतेक लीगमध्ये मात्र लीग चालवणाऱ्या संकेतस्थळाने आधीच भरून ठेवलेले भाव कुणी हात न लावता स्वीकारतात.

दुसरी पद्धत रोटिसरी, बोलीभाषेत रोटो. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी बेसबॉलसाठी ही लीग सुरू केली. न्यूयॉर्कच्या ज्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये ते जेवायला जमत त्याचं नाव ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’, म्हणून रोटिसरी. इथे भाव ठरवायची कटकट नाही. शाळेत प्रत्येक विषयातला नंबर काढून त्या नंबरांचीच बेरीज करावी, तसं: गोलमध्ये संघ कितवा, असिस्टमध्ये कितवा, हिटमध्ये कितवा. बारा संघ असतील तर पहिल्याला १२, शेवटच्याला १.

ही कल्पना ओक्रेंटच्याही दोनशे वर्षं आधीची आहे. ज्याँ-शार्ल द बोर्डा या फ्रेंच गणितज्ञाने १७७० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मतमोजणीची हीच रीत मांडली होती. मतदाराने उमेदवारांना क्रम द्यायचा आणि त्या क्रमांकांची बेरीज करायची. मतदाराच्या जागी ‘गोल’, ‘असिस्ट’, ‘हिट’ बसवा, झालं रोटो. बोर्डाच्या रीतीचं दुखणंही सोबत आलं. चार संघ घ्या. अ संघ गोल आणि असिस्टमध्ये पहिला, हिटमध्ये दुसरा: ४ + ४ + ३ = ११. ब संघ गोल आणि असिस्टमध्ये दुसरा, हिटमध्ये पहिला: ३ + ३ + ४ = १०. शेवटच्या आठवड्यात तळाच्या क आणि ड संघांनी गंमत म्हणून धडकबाज खेळाडू घेतले आणि हिटमध्ये अ ला मागे टाकलं. अ ला तिथे आता ३ ऐवजी १ गुण. एकूण अ ९, ब १०. अ आणि ब यांच्यात आपसांत काहीही बदललेलं नाही, तरी विजेता बदलला. ज्यांना जिंकायची आशा नव्हती त्यांनी तो ठरवला. जानेवारीपर्यंत निम्मी मंडळी कंटाळून संघाकडे बघणंच सोडतात, अशा लीगमध्ये हे फार होतं.

तिसरी पद्धत हेड-टू-हेड. दर आठवड्याला दोन संघांची जोडी, आणि जो जास्त प्रकारांत पुढे तो जिंकला. ही सगळ्यांत रंगतदार, कारण समोर कुणीतरी असतं. पण इथे बोर्डाचा समकालीन फ्रेंच गणितज्ञ काँदोर्से आडवा येतो. गोल, असिस्ट, हिट या क्रमाने आकडे बघा: अ संघ ९, १२, २०, ब संघ ७, १०, ४०, क संघ ५, १५, ३०. अ ने ब ला हरवलं २-१. ब ने क ला हरवलं २-१. आणि क ने अ ला हरवलं, तेही २-१. तिघांत श्रेष्ठ कोण? काँदोर्सेने १७८५ मध्ये मतदानात दाखवलेलं हेच चक्र. पुढे १९५१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरोने सिद्ध केलं की केवळ क्रमांकांवरून निकाल काढणारी आणि काही साध्या, रास्त अटी एकाच वेळी पाळणारी पद्धत असूच शकत नाही. अपवाद म्हणजे एकाच मतदाराचं सर्वस्वी ऐकणं. आपल्या लीगपुरतं बोलायचं तर फक्त गोल मोजणं. पॉइंट्सची पद्धत या कचाट्यातून निसटते, पण भाव ठरवण्याची मनमानी पत्करून.

हेड-टू-हेडचा दुसरा शत्रू नशीब. हॉकीत एका सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण सहा गोल होतात. इतक्या थोड्या घटना असल्या की योगायोगाला भरपूर वाव मिळतो. एका हंगामात ८२ सामने खेळून ४१ गोल करणारा खेळाडू घ्या, हा लीगमधल्या अव्वलांपैकी. तीन सामन्यांच्या आठवड्यात त्याच्याकडून सरासरी दीड गोलची अपेक्षा. गोल साधारण प्वासाँच्या नियमाने (अधूनमधून, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या घटनांचं गणित) पडतात असं धरलं, तर तो अख्खा आठवडा कोरडा जाण्याची शक्यता २२ टक्के! आता दोन कागदी संघ: एकाची आठवड्याची सरासरी १२ गोल, दुसऱ्याची १०. पहिला निर्विवाद सरस. तरी एखाद्या आठवड्यात दुसरा जास्त गोल करेल ही शक्यता दहात जवळजवळ तीन. हेच गोल २४ आठवडे साठवत गेलं तर दुसरा पुढे असण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास उरते. रोटोवाले ‘आमचा विजेता खरा’ म्हणून मिरवतात, त्यात तथ्य आहे ते एवढंच.

आता काय मोजायचं याबद्दल. प्लस-मायनस मी तर काढूनच टाकेन. खेळाडू बर्फावर असताना (पॉवर प्लेवर, म्हणजे समोरच्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना जादा खेळाडूच्या जोरावर केलेले गोल वगळून) आपल्या संघाने गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक. १९७०-७१ मध्ये बॉबी ऑरने अधिक १२४ केले, तो विक्रम अजून टिकून आहे. पण सामान्य खेळाडूच्या बाबतीत हा आकडा त्याच्यापेक्षा त्याचे साथीदार आणि मागचा गोलरक्षक यांचीच कहाणी सांगतो. हिटही निर्मळ नाही. कुठली धडक हिट धरायची हे त्या त्या स्टेडियममधला नोंदणारा माणूस ठरवतो, आणि काहींचा हात सैल असतो. शिवाय गोल, फटके आणि पॉवर प्ले पॉइंट्स हे तिन्ही ठेवले तर एकाच गुणाला तीनदा दाद मिळते. हिट आणि ब्लॉक ठेवल्याने निदान वेगळ्या घडणीच्या बचावपटूंना किंमत येते, म्हणून सदोष असले तरी ते असू द्यावेत.

दहा-बारा ओळखीच्या लोकांसाठी मी हेड-टू-हेडच निवडेन, एका बदलासह. नऊ प्रकार मोजत असू आणि आठवडा ६-३ ने जिंकला तर खात्यात ‘एक विजय’ न लिहिता सहा विजय आणि तीन पराभव लिहायचे. रंगत तीच राहते आणि नऊ आकडे वेगवेगळे जमा होत गेल्याने नशिबाचा जोर ओसरतो. फॅन्टसीची बाद फेरी एनएचएलच्या साखळी सामन्यांचा शेवटचा आठवडा वगळून संपवावी. ज्या संघांची पुढची फेरी पक्की झालेली असते ते तेव्हा आपल्या मोठ्या खेळाडूंना विश्रांती देतात, आणि वर्षभराची मेहनत भलत्याच कारणाने वाया जाते.

आणि गोलरक्षकांसाठी आठवड्याला किमान तीन सामन्यांची अट निवडीच्या दिवसाआधीच लिहून ठेवावी. नाहीतर एखादा हुशार गडी सोमवारी ३० पैकी २९ फटके अडवलेल्या गोलरक्षकाचे ०.९६७ बघतो, त्याला रविवारपर्यंत बाकावर बसवून ठेवतो आणि सेव्ह पर्सेंटेज, म्हणजे अडवलेल्या फटक्यांच्या प्रमाणाचा प्रकार, फुकटात खिशात घालतो. अट मोडली तर गोलरक्षकाचे सगळे प्रकार समोरच्याला द्यायचे.