ओव्हरक्लॉकिंगसाठी प्रोसेसर आणि कूलर: आधी उष्णतेचा हिशोब

घरच्या इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटीमीटर भरतो आणि ती १००० वॅट वीज खाते. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ०.०५ वॅट. आता एएमडीचा रायझन ७ ७७००एक्स हा प्रोसेसर घ्या. त्याचे आठही कोअर (प्रत्यक्ष आकडेमोड करणारे भाग) सिलिकॉनच्या ज्या तुकड्यावर आहेत तो जेमतेम ७० चौरस मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहूनही लहान. पूर्ण भार पडला की त्यातून १०० वॅटच्या घरात उष्णता निघते. इस्त्रीच्या सुमारे २८ पट दाट! ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, आणि त्याची सगळी मारामारी या नखाएवढ्या जागेतून उष्णता बाहेर काढण्याची आहे.

चिपमधली उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा वेग ५.० वरून ५.४ गिगाहर्ट्झवर न्यायचा आहे आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावं लागलं. वेग वाढला ८ टक्के. उष्णता मात्र १.०८ गुणिले १.२६६, म्हणजे जवळजवळ ३७ टक्क्यांनी वाढली. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर नुसता बसचा (प्रोसेसरला मदरबोर्डशी जोडणाऱ्या दुव्याचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा ४५० व्हायचा, कारण तेव्हा चिप बरीच हात राखून विकली जायची. आता बूस्टच्या, म्हणजे चिपने स्वतःहून वेग वाढवण्याच्या, रूपाने ती शिल्लक कारखान्यातच वापरून टाकलेली असते. म्हणून आजच्या ओव्हरक्लॉकिंगमध्ये खरी कमाई व्होल्टेज खाली आणण्यात आहे, वर नेण्यात नाही.

प्रोसेसर निवडताना पहिला प्रश्न: त्याचा मल्टिप्लायर, म्हणजे मूळ वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा, खुला (बदलता येणारा) आहे का? इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' हवा, आणि मदरबोर्ड 'झेड' मालिकेचा हवा, उदाहरणार्थ झेड७९०. बी७६० वर रॅमचा वेग वाढतो, प्रोसेसरचा नाही. 'के'चा प्रोसेसर आणि बी७६० चा बोर्ड असा जोड घेतला तर 'के'साठी मोजलेले जादा पैसे वाया जातात. एएमडीचे बहुतेक रायझन खुले आहेत आणि बी६५० बोर्ड पुरतो, ए६२० टाळा. मात्र एएमडीच्याच ७८००एक्स३डी चा मल्टिप्लायर बंद आहे. त्यात कॅशेचा (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीचा) थर कोअरच्या तुकड्याच्या डोक्यावर बसतो आणि उष्णतेची वाट अडवतो. ९८००एक्स३डी मध्ये तो थर कोअरखाली नेला, म्हणून ती चिप पूर्ण खुली ठेवता आली. इंटेलचा १३ व्या-१४ व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर जुन्या बाजारात स्वस्त मिळाला तरी सांभाळून. २०२४ मध्ये या चिपा जास्त व्होल्टेजमुळे आतून खराब होत असल्याचं इंटेलने मान्य केलं. मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा) अपडेट पुढचं नुकसान रोखतो, झालेलं भरून काढत नाही.

दुसरा प्रश्न वॅटचा, आणि इथे खोक्यावरचा आकडा फसवतो. ७७००एक्सवर १०५ वॅट लिहिलेलं असतं, तो १४२ पर्यंत जातो. आय५-१३६००के वर १२५, प्रत्यक्ष मर्यादा १८१. आय९-१४९००के ची प्रत्यक्ष मर्यादा २५३. कूलर या प्रत्यक्ष मर्यादेला धरून घ्या.

माझ्या मते नव्याने शिकणाऱ्याने साधा रायझन ७ ७७०० घ्यावा. खोक्यावर ६५ वॅट, प्रत्यक्ष मर्यादा ८८. कोअर तेच आठ, बूस्ट ७७००एक्सच्या ५.४ ऐवजी ५.३ गिगाहर्ट्झ, आणि तोही खुला. बायोसमधून (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधून) वॅटची मर्यादा वाढवली की दोघांतला फरक जवळजवळ मिटतो. वाचलेले पैसे कूलरला लावा.

टॉवर कूलरच्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आत हवा काढून थोडं पाणी भरलेलं असतं. दाब कमी असल्याने ते कमी तापमानालाच उकळतं, वाफ वर पात्यांपर्यंत जाते, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून केशाकर्षणाने खाली परतते. चार नळ्यांचा एक टॉवर ८८ वॅटला आरामात पुरतो. १४२ वॅटला सहा नळ्यांचा दुहेरी टॉवर घ्या. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई हा त्यातला किफायतशीर. २०० वॅटच्या पुढे ३६० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर लागतो. त्याचा पंप सर्वांत उंच जागी येता कामा नये. आतला हवेचा बुडबुडा वर चढतो, आणि तो पंपात अडकला की घरघर सुरू होते, पाणी फिरत नाही. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला बसवला की प्रश्न मिटतो.

मात्र एका टप्प्यानंतर कूलर मोठा करून हाती फारसं लागत नाही. सिलिकॉन आणि वरचं धातूचं झाकण यांतून उष्णता सरकतानाच बराच अडथळा होतो, आणि तो कोणताही पंखा दूर करत नाही. त्यातून एएम५ मध्ये (एएमडीच्या या रायझनच्या सॉकेटमध्ये) कोअरचा तुकडा झाकणाच्या मधोमध नसून एका कडेकडे आहे. म्हणून कूलर बनवणाऱ्या नॉक्टुआने कूलर ७ मिलिमीटर सरकवून बसवायच्या पट्ट्या काढल्या. त्याने १ ते ३ अंश कमी होतात.

खरेदीपूर्वी टेप घेऊन मोजा. पीअरलेस असॅसिन १५५ मिलिमीटर उंच आहे, नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५. कॅबिनेटची मर्यादा १६० असेल तर दुसऱ्याने काचेचं दार लागणार नाही. उंच पत्र्याची रॅम पुढच्या पंख्याला अडते. पंखा वर सरकवला की कूलरची उंची आणखी वाढते, हेही हिशोबात धरा.

बसवताना कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म आधी काढा. ती राहिली की प्रोसेसर काही सेकंदांत ९५ अंशांना भिडतो आणि दोष पेस्टला (प्रोसेसर आणि कूलरच्या तळामध्ये लावायच्या उष्णतावाहक मलमाला) दिला जातो. पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी पुरे. स्क्रू एकदम आवळू नका. दोन्ही बाजूंना आळीपाळीने दोन-दोन फेरे द्या, नाहीतर तळ तिरका बसून पेस्ट एकीकडे जाड, एकीकडे पातळ होते. जुन्या एएम४ वर कूलर काढताना संगणक दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, बंद करा, मग कूलर हलका पिळून उचला. थंड असताना सरळ ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात.

आता सेटिंग. आधी काहीही न बदलता सिनेबेंच हा चाचणीचा प्रोग्राम दहा मिनिटं चालवून गुण, तापमान आणि वॅट वहीत लिहून ठेवा. मग बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (रायझनच्या कोअरचं व्होल्टेज पायरीपायरीने बदलणारी सेटिंग) सर्व कोअरना उणे १० करा. दर पायरीला ३ ते ५ मिलिव्होल्ट उतरतात. पुन्हा मोजा, उणे १५ करा, मग उणे २०. थंडावा वाढला की चिप स्वतःच वेग वाढवते. फसगत इथे होते की सिनेबेंच पास झालं म्हणून सेटिंग पक्कं मानलं जातं. उणे कर्व्हचा प्रोसेसर बहुधा हलक्या कामात पडतो, कारण तेव्हा एकेक कोअर सर्वोच्च वेगाला पोचतो. ब्राउझर उघडा ठेवून चहाला गेलात आणि परत येईतो संगणक रीस्टार्ट झालेला दिसला, तर कारण हेच. एकेका कोअरची आळीपाळीने परीक्षा घेणारं कोअरसायकलर रात्रभर चालू ठेवा. ज्या कोअरवर चूक येईल त्याचाच आकडा ५ ने मागे घ्या. बायोसच उघडेना तर वीज काढून मदरबोर्डवरची सीआर२०३२ ची गोल बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा.

रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी तयार सेटिंग) लावल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. रॅमची जुळणी चालू असते, बटण दाबू नका. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग ज्यावर चालतो ते) १.३० च्या वर नेऊ नका. २०२३ मध्ये काही रायझन प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने हीच मर्यादा ठरवली.

कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो. परीक्षणांतले आकडे बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीतले असतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच ३८-४० असते. तिथे एक पायरी वरचा कूलर घ्या, आणि वाळ्याच्या कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. तापलेल्या सिलिकॉनला तोच वेग धरायला थोडं जास्त व्होल्टेज लागतं, तेव्हा डिसेंबरात पास झालेलं उणे २० मे महिन्याच्या दुपारी पुन्हा एकदा तपासून पाहा.