आकाशकंदील (घरगुती बांधणी)

आकाशकंदील म्हणजे दिवाळीत घराच्या दर्शनी बाजूला उंचावर टांगायचा, बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर रंगीत कागद चिकटवून केलेला दिवा. आकाशदिवा, नुसता कंदील किंवा गोव्यात आकाशदिवो असेही त्याला म्हणतात. बाजारात तयार कंदिलांचा पूर असला, तरी सहामाही परीक्षा संपल्यावर घरी किंवा चाळीत-सोसायटीत मिळून कंदील बांधण्याची हौस महाराष्ट्रात आणि गोव्यात टिकून आहे. या नोंदीत मुख्यतः कामट्यांच्या पारंपरिक कंदिलाची बांधणी दिली आहे.

कार्तिकात उंच काठीवर दोरीने दिवा चढवायची चाल जुनी आहे. हा आकाशदीप विष्णूप्रीत्यर्थ आणि पितरांना वाट दिसावी म्हणून लावावा, असे सांगितले जाते. आत तेलाची पणती असल्यामुळे तो रोज खाली उतरवून पेटवावा लागे. वीज आली, दिवा एकदा वर चढवला की झाले, आणि कंदिलाचा आकार व नक्षी दोन्ही वाढली. हल्ली बहुतेक घरांत तो वसुबारस-धनत्रयोदशीला लागतो. उतरवतात कोणी भाऊबीजेनंतर, कोणी तुळशीच्या लग्नाला, तर कोणी थेट त्रिपुरी पौर्णिमा झाल्यावर.

कामट्या

कंदील बिघडतो तो सहसा कागदात नव्हे, सांगाड्यात. वाकड्या सांगाड्यावर कागद कितीही जपून लावला तरी सुरकुती पडतेच, आणि आत दिवा लागला की ती दुप्पट ठळक दिसते. म्हणून निम्म्याहून अधिक वेळ कामट्यांवर घालवावा.

बुरुडाकडे तयार कामट्या मिळतात. घेताना गाठींचे अंतर लांब आहे का आणि कामटी डोळ्यासमोर धरल्यावर सरळ दिसते का, हे पाहावे. घरी बांबू चिरायचा असेल तर नेहमी बरोबर मधोमध चिरत जावे : एकाचे दोन, दोनाचे चार. कडेची बारीक पट्टी काढायला गेले की चीर बारीक बाजूकडे पळते आणि कामटी टोकाला निमुळती होते. चीर सरकू लागली तर जाड बाजू हाताने वाकवावी, ती परत मध्यावर येते. तयार कामटी साधारण 5 मिमी रुंद आणि 3 मिमी जाड असावी. जाडी कमी करायची ती आतल्या, गाभ्याच्या बाजूने तासून. बाहेरच्या हिरव्या-पिवळ्या पाठीतच बांबूची ताकद असते, ती तासली तर कामटी काडीसारखी मोडते. ओल्या बांबूची कामटी वाळताना आटते आणि बांधलेल्या गाठी सैल पडतात. त्यामुळे तासलेल्या कामट्या चार-पाच दिवस सावलीत वाळवूनच वापराव्यात.

मापे

नेहमीच्या कंदिलाच्या मधल्या पट्ट्यात चौकोन कोपऱ्यावर उभे केलेले असतात, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखे. शेजारच्या दोन चौकोनांचे आडवे कोपरे एकमेकांना बांधतात. वरचे सगळे कोपरे एका कड्याला (कामट्या टोकाला टोक बांधून केलेल्या रिंगणाला) आणि खालचे दुसऱ्या कड्याला बांधले की चौकोनांच्या मधल्या जागा आपोआप त्रिकोणी होतात. सहा चौकोन घेतले तर षटकोनी कंदील होतो, आठ घेतले तर अष्टकोनी.

सर्वांत जास्त कंदील फसतात ते कड्याच्या मापात. चौकोनाच्या बाजूएवढ्याच कामट्या वरच्या-खालच्या कड्यालाही वापरायच्या, असा सर्रास समज आहे. तो फक्त चार चौकोनांच्या कंदिलाला लागू पडतो. सहा चौकोनांना तेच माप घेतले तर कडे अपुरे पडते, चौकोन आडव्या कर्णावर आत मुडपतात आणि कंदील मध्ये फुगून वरखाली चेपतो. खरे माप असे : चौकोनाच्या बाजूला 1.41 ने गुणले की कर्ण मिळतो. कर्णाला चार चौकोनांसाठी 0.71, सहांसाठी 0.87 आणि आठांसाठी 0.92 ने गुणले की कड्याची एक बाजू मिळते.

15 सेंमी बाजूच्या सहा चौकोनांचा कंदील घेतला तर कर्ण 21.2 सेंमी आणि कड्याची बाजू 18.4 सेंमी येते. तयार कंदील कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुमारे 42 सेंमी रुंद आणि 21 सेंमी उंच होतो, शेपट्या वेगळ्या. तेवढ्याच बाजूचे आठ चौकोन घेतले तर रुंदी 55 सेंमीवर जाते. असा कंदील गॅलरीच्या ग्रिलमधून बाहेर निघत नाही, हे बांधण्यापूर्वीच मोजलेले बरे.

गाठीसाठी प्रत्येक कामटीला दोन्ही टोकांना एकेक सेंमी जास्त धरावा. म्हणजे चौकोनांसाठी 17 सेंमीच्या 24 आणि दोन कड्यांसाठी साडेवीस सेंमीच्या 12 कामट्या लागतात. कड्यांच्या आतल्या फुलीसाठी 39 सेंमीच्या 6 लागतात. सगळे मिळून जवळजवळ 9 मीटर कामटी. तुटीफुटीसकट 11 मीटर घ्यावी.

बांधणी

कामटीच्या दोन्ही टोकांपासून 1 सेंमीवर खूण करून तिथे अगदी उथळ खाच पाडावी, म्हणजे दोरा घसरत नाही. खाच खोल गेली तर कामटी तिथेच तुटते. दोरा जाड सुती घ्यावा. पतंगाचा साधा दोरा चालतो, मांजा अजिबात नाही. दोन कामट्या काटकोनात ठेवून दोरा आधी तिरपा तीन वेढे, मग दुसऱ्या बाजूने तिरपा तीन वेढे, आणि शेवटी दोन कामट्यांच्या मधून, आधीच्या वेढ्यांवरून दोन वेढे आवळून घ्यावा. हे शेवटचे आवळणेच गाठ घट्ट ठेवते, आणि घाईत नेमके तेच राहून जाते. सांगाडा पूर्ण तपासून झाल्यावर प्रत्येक गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब सोडावा. आधी सोडला तर दुरुस्तीला वाव उरत नाही.

नुसत्या चार कामट्यांचा चौकोन ताठ राहत नाही, दाबला की तिरका होतो. त्रिकोण मात्र हलत नाही. म्हणून प्रत्येक चौकोनाला कर्ण लागतो. कर्णाला कामटी लावली तर दिवा लागल्यावर चौकोनाच्या मधोमध काळी रेघ दिसते. त्याऐवजी दोन्ही कर्णांवर दोरा ताणून बांधावा. चौकोन कुठल्याही बाजूला तिरका होऊ लागला तरी दोनपैकी एक दोरा ताणला जातो आणि त्याला धरून ठेवतो, सावलीही जवळजवळ पडत नाही. दोरे बांधताना दोन्ही कर्ण 21.2 सेंमी भरले की चौकोन आपोआप काटकोनात येतो.

सहाही चौकोन असे ताठ करून घेतल्यावर त्यांचे आडवे कोपरे एकमेकांना बांधून माळ करावी आणि माळेची टोके जोडून गोल करावे. नंतर वरचे कडे, मग खालचे. दोन्ही कड्यांत समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या तीन-तीन कामट्यांची फुली घालून मध्ये बांधावी. वरच्या फुलीला दिव्याचा होल्डर अडकतो. खालच्या फुलीतून दिवा बदलायला हात सहज जातो. सांगाडा जमिनीवर ठेवून पाहावा : सहाही खालचे कोपरे टेकले पाहिजेत. एखादा अधांतरी राहिला तर बहुतेक वेळा त्याच्या शेजारच्या चौकोनाचा दोरा सैल असतो.

खळ आणि कागद

खळीसाठी दोन मोठे चमचे मैदा अर्धा कप गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, एक कप उकळत्या पाण्यात ओतावा आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटे ढवळावे. पांढरटपणा जाऊन खळ जरा पारदर्शक झाली की उतरवावी. कच्ची राहिली तर वाळल्यावर पापुद्र्यासारखी सुटते. उंदीर-झुरळांना ही खळ आवडते, म्हणून पूर्वी तीत चिमूटभर मोरचूद टाकत. मोरचूद विषारी आहे. मुले हाताशी असतील तर ते टाळावे.

पतंगाचा पातळ कागद उजेड सर्वांत सुंदर पसरवतो, पण दवाने आणि वाऱ्याने लवकर फाटतो. घोटीव कागद टिकतो, पण उजेड कमी सोडतो. जिलेटीन कागद झगमगीत दिसतो, मात्र त्यातून आतला दिवा आणि वायर आरपार दिसते. जिलेटीन वापरायचाच तर आतून पांढऱ्या पातळ कागदाचा थर द्यावा. चौकोनांसाठी 17 सेंमी बाजूचे सहा तुकडे लागतात. त्रिकोणाचा पाया 18.4 आणि उंची सुमारे 12 सेंमी भरते. भोवती 1 सेंमी सोडून असे बारा तुकडे कापावेत. आधी त्रिकोण लावावेत, मग चौकोन, म्हणजे चौकोनाची कड वर येते आणि रेघ सरळ दिसते. खळ कामटीला लावावी, कागदाला नव्हे, आणि तीही अगदी पातळ. ओला कागद ताणून लावला तर वाळताना आटून तडकतो. सैल लावलेल्यावर मात्र पाण्याचा अगदी हलका फवारा मारला की वाळताना तो ताठ होतो. कच्च्या रंगाचा कागद असेल तर फवाऱ्याने डाग पडतात, म्हणून आधी एका तुकड्यावर करून पाहावे. सगळे वाळल्यावर कामट्यांवरून सोनेरी कागदाची बोटभर पट्टी फिरवली की जोड झाकले जातात.

आडव्या कोपऱ्यांवर कागदी करंज्या आणि खालच्या कड्याला झिरमिळ्यांच्या शेपट्या लावतात. शेपट्या 50-60 सेंमी पुरतात. त्याहून लांब शेपट्या वाऱ्यात एकमेकींत गुंततात आणि कंदिलाला गरगर फिरवतात.

दिवा आणि टांगणी

पूर्वी 40 वॅटचा पिवळा बल्ब लावत. 60 वॅटच्या बल्बने कागद करपून तपकिरी पडे. आता 7 ते 9 वॅटचा एलईडी पुरतो, पण रंग पाहून घ्यावा. पांढऱ्याशुभ्र एलईडीच्या प्रकाशात लाल रंगाचा अंश कमी असतो, त्यामुळे लाल-केशरी कागद मळकट दिसतो. पाकिटावर ‘वॉर्म व्हाइट’ किंवा 2700 ते 3000 केल्विन लिहिलेला दिवा घ्यावा. एलईडीचा काच-गोळा फारसा तापत नाही, पण त्याच्या मानेत उष्णता साठते आणि कंदिलात तर मान वरच्या बाजूला असते. म्हणून वरचे कडे कागदाने बंद करू नये. पणती किंवा मेणबत्ती या बांधणीत ठेवणे धोक्याचे आहे, कारण शेपटी वर उडाली तरी ज्योतीपर्यंत पोचते.

कंदिलाचे वजन वायरीवर टाकू नये. वरच्या कड्याच्या एक सोडून एक अशा तीन कोपऱ्यांना प्रत्येकी 40 सेंमीचा दोरा बांधावा. तिन्ही दोरे वर एका कडीत आणावेत आणि कडीपासून सुतळी वर न्यावी. वायर सुतळीबरोबर, पण ढिली सोडावी. कंदील कलता राहिला तर आधी वायर ओढली जाते का ते पाहावे, मग दोऱ्यांची लांबी. खालच्या कड्यापासून एक दोरा ग्रिलला अडकवला की गिरकी थांबते. उघड्यावरच्या वायरीत मधे जोड नसावा. असलाच तर तो चिकटपट्टीने बंद करून छपराखाली ठेवावा. विजेच्या खांबाजवळ किंवा तारांखाली कंदील टांगू नये.

दिवाळीच्या पहाटे दव पडते, त्यामुळे कागद सकाळी सैल दिसतो आणि दुपारी पुन्हा ताठ होतो. हा बांधणीतला दोष नव्हे. परतीचा पाऊस लांबला तर मात्र खळ सुटते. त्यावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी हा लोकप्रिय उपाय आहे, पण आत वाफ कोंडून कागद उलट जास्त भिजतो. पावसाच्या दिवशी कंदील आत घेणे सोपे.

कागद दरवर्षी नवा लावावा, सांगाडा मात्र चार-पाच वर्षे जातो. कामट्यांतून पिवळी भुकटी गळू लागली की भुंगा लागला असे समजावे. तो सांगाडा माळ्यावर दुसऱ्या लाकडी सामानाशेजारी ठेवू नये.

इतर प्रकार

चांदणी बांधायला षटकोनी कंदिलापेक्षा सोपी. 60 सेंमीच्या पाच कामट्यांची पाच टोकांची चांदणी करतात. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून 23 सेंमीवर खूण केली की कामट्या एकमेकींना नेमक्या तिथे छेदतात. अशा दोन चांदण्या टोकांशी बांधून आतल्या पाच छेदांवर 12 सेंमीचे आडवे तुकडे घातले की मधला भाग फुगतो आणि दिव्याला जागा होते. हाच आकार गोव्यात आणि वसईत नाताळच्या दिवसांत ख्रिस्ती घरांवर दिसतो, त्यामुळे काही सांगाडे दिवाळीनंतर कागद बदलून पुन्हा वर चढतात.

मुंबईत माहीमची कंदील गल्ली तयार कंदिलांसाठी प्रसिद्ध आहे. गोव्यात दिवाळीला आकाशकंदिलांच्या स्पर्धा होतात आणि त्यांत कडधान्ये, काड्या, करवंट्या अशा वस्तूंचे कंदील येतात. थर्माकोलच्या कंदिलांची एके काळी चलती होती; महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आल्यावर कापडी आणि घडीच्या पुठ्ठ्याच्या कंदिलांना मागणी वाढली. घडीचा कंदील पाच मिनिटांत उभा राहतो, पण पुठ्ठ्याचा सांधा दवाने मऊ पडतो, म्हणून तो छपराखालीच लावावा.