दम आधी तयार होतो, हाडे मागून येतात

वाशीहून बेलापूरकडे जाणाऱ्या पाम बीच मार्गावर पहाटे धावणाऱ्यांमध्ये ऑक्टोबरच्या सुमारास नव्या चेहऱ्यांची भर पडते. थंडीतील एखाद्या शर्यतीत पहिली हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटरचे अंतर, पूर्ण करायचे असा त्यांचा संकल्प असतो. सुरुवातीला दोन विजेच्या खांबांमधले अंतरही जड जाते, मग धाप कमी होते, पाच किलोमीटर सलग होऊ लागतात, आणि उत्साह ऐन भरात असताना, सहाव्या-सातव्या आठवड्यात, त्यांतील काही जण नडगी किंवा टाच दुखावून घरी बसतात. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्यापैकीच एक होते. दम भरपूर होता, पाय मोकळे वाटत होते, पण डाव्या नडगीच्या आतल्या कडेला बोट टेकवले तरी कळ येत होती. असे का होते हे समजून घेतल्यावर मला सरावाचे संपूर्ण वेळापत्रक नव्याने आखावे लागले.

धावणे सुरू केल्यावर शरीरात जे बदल होतात, त्यांचा वेग अवयवागणिक वेगळा असतो. सर्वांत चपळ असते ते रक्त. नियमित सराव सुरू झाल्यापासून काही दिवसांतच रक्तातील द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी अधिक रक्त बाहेर फेकले जाते आणि तेवढ्याच वेगासाठी कमी ठोके पुरतात. त्यानंतरचा क्रम स्नायूंचा. सहनशक्तीच्या सरावाने स्नायूपेशींतील मायटोकाँड्रिया, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा निर्माण करणारे घटक, वाढतात, हे जॉन होलॉझी या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६७ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. माणसातही हा बदल काही आठवड्यांत जाणवण्याइतका होतो. धाप कमी झाल्याचा जो आनंद नवख्या धावकाला होतो, तो या दोन बदलांचा परिणाम असतो.

आपल्याकडच्या दमट हवेमुळे या पहिल्या टप्प्यात आणखी एक जुळणी व्हावी लागते. सपाट रस्त्यावर धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६५ किलो वजनाच्या व्यक्तीला हाफ मॅरेथॉनसाठी सुमारे १,३७० किलोकॅलरी लागतील, आणि त्यांतील तीनचतुर्थांश, साधारण १,००० किलोकॅलरी, उष्णतेच्या रूपाने शरीरातच साठू पाहतात. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर शरीराचे तापमान अठरा-एकोणीस अंशांनी वाढेल. अर्थात त्याच्या कितीतरी आधीच माणूस कोसळेल. तिला बाहेर काढण्याचे मुख्य साधन म्हणजे घाम. एक लीटर घाम त्वचेवरून वाफ होऊन उडाला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो, पण जो घाम थेंबाथेंबाने खाली गळतो तो शरीराला जवळपास काहीच थंडावा देत नाही. पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईच्या हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा घाम उडण्याऐवजी गळतो, त्वचेकडे अधिक रक्त वळवावे लागते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. म्हणून ठाण्यात उपवनच्या तळ्याभोवती जुलैमध्ये धावणाऱ्याने स्वतःच्या वेगाची तुलना जानेवारीतील वेगाशी करून खचून जाऊ नये. उष्णतेची सवय एक-दोन आठवड्यांच्या नियमित सरावाने लागते: घाम लवकर सुटू लागतो, अधिक सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते.

पाण्याबाबत मात्र दोन्ही टोके टाळावीत. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यतीच्या अखेरीस ज्या ४८८ धावकांचे रक्त तपासले गेले, त्यांपैकी १३ टक्के धावकांच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या दिशेने उतरलेले आढळले, आणि त्यामागचे महत्त्वाचे कारण गरजेपेक्षा अधिक पाणी पिणे हे होते. तहान लागेल तसे, घोटाघोटाने पिणे नवख्यांसाठी पुरेसे असते. इंधनाचा प्रश्न त्याहून सोपा आहे. स्नायू आणि यकृत यांत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातील साखरेचा साठा, सुमारे दोन हजार किलोकॅलरींचे असते, त्यामुळे आदल्या दिवशी भात-पोळी व्यवस्थित जेवलेला माणूस हाफ मॅरेथॉनमध्ये इंधन संपून सहसा थांबत नाही.

हाडांची गती वेगळी असते. अडीच तासांत हाफ मॅरेथॉन पूर्ण करणारा धावक मिनिटाला १६० पावले या हिशेबाने सुमारे २४,००० पावले टाकतो, आणि प्रत्येक पावलाला जमीन त्याच्या पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट बल परत देते. या भाराला उत्तर म्हणून हाड स्वतःची डागडुजी करते, पण तिचा क्रम उलटा असतो: आधी हाड खाणाऱ्या पेशी जुना भाग पोखरून काढतात, त्याला काही आठवडे लागतात, आणि मग हाड बांधणाऱ्या पेशी ती पोकळी भरतात, त्याला काही महिने लागतात. म्हणजे सराव सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन महिन्यांत भार घेणारे हाड काही काळ आधीपेक्षा कमकुवत असू शकते, आणि दम सुधारल्यामुळे माणूस अंतर वाढवतो तेही याच काळात. नव्या सैनिकांच्या पावलांना येणारी वेदनादायक सूज ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ साली नोंदवली होती. ती हाडातील बारीक चिरांमुळे होती हे क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर उघड झाले. बोटाने दाबल्यावर एकाच जागी तीव्र कळ येत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, तर धावणे थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जावे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. माझ्या बाबतीत चीर पडण्याआधीच निदान झाले, आणि सहा आठवड्यांच्या विश्रांतीवर भागले.

सर्वांत संथ असते ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. पोटरीला टाचेशी जोडणारी अकिलीस कंडरा धावताना शरीराच्या वजनाच्या सहापट किंवा त्याहूनही अधिक ताण सोसते आणि स्प्रिंगसारखी ताणून पुन्हा आखडत ऊर्जा परत देते. तिचे वय मोजण्याची जी युक्ती डेन्मार्कच्या संशोधकांनी वापरली, ती मला विज्ञानातील अत्यंत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या सुरुवातीला झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ चे, म्हणजे कार्बनच्या एका किरणोत्सारी प्रकाराचे, प्रमाण जवळपास दुप्पट झाले आणि नंतर ते वर्षागणिक उतरत गेले. अन्नावाटे हा कार्बन शरीरात येतो, त्यामुळे एखादी ऊती ज्या काळात घडली, त्या काळच्या हवेची खूण तिच्यात राहते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की अकिलीस कंडरेचा गाभा आयुष्याच्या पहिल्या सुमारे सतरा वर्षांत घडतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलत नाही. त्याच व्यक्तींचे स्नायू मात्र सतत नवे होत राहिलेले होते. चाळिशीत धावायला लागलेली व्यक्ती कॉलेजच्या दारात उभी असतानाच्या कंडरेवर धावत असते. योग्य भार मिळाल्यास कंडरा अधिक ताठ आणि सक्षम होते, पण त्याला तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ द्यावा लागतो.

मग अंतर वाढवायचे तरी कसे? आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे पाचशेहून अधिक नवख्या धावकांवर त्याची परीक्षा झाली. एका गटाने तेरा आठवड्यांत दहा टक्क्यांच्या बेताने, तर दुसऱ्याने आठ आठवड्यांत त्याहून वेगाने सराव वाढवला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांत साधारण पाचांपैकी एक जण जायबंदी झाला. म्हणून हा आकडा मी ब्रह्मवाक्य मानत नाही. मी पाळते ते एवढेच की, आठवड्यातून तीन-चार दिवसच धावावे, दोन धावांमध्ये हाडांना सावरायला निदान एक दिवस मिळावा, रविवारची लाँग रन एकदम मोठी उडी मारून वाढवू नये आणि दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम घटवावे. वेग सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतकाच ठेवावा. येऊरचा चढ सुरुवातीच्या महिन्यांत चालत चढण्यास हरकत नाही.

उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस मी इमारतीच्या जिन्यावर घालवते. पायरीच्या कडेवर पावलाचा पुढचा भाग टेकवून टाच सावकाश वर न्यायची, तीन सेकंद थांबायचे आणि तितक्याच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची. एका पायावर पंधरा वेळा, मग दुसऱ्यावर. पंधरा वेळा सहज जमू लागले की पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक घ्यायची, कारण कंडरेला जड आणि संथ भारच उपयोगी पडतो. जानेवारीची शर्यत ठरवलेल्याने हा व्यायाम ऑगस्टमध्येच सुरू करावा, म्हणजे ऑक्टोबरमध्ये दम वाढू लागेल तेव्हा टाचेला त्याचे दोन-तीन महिने मिळालेले असतील.